सॉनिक व्हिज्युअलायझर: संगीताच्या लघुप्रबंधासाठी फुकट मिळणारं, पण शिकून वापरावं लागणारं सॉफ्टवेअर

संगीतात एम.ए. करणाऱ्यांच्या वाट्याला शेवटच्या वर्षी एक काम असं येतं की जे गुरूसमोर बसून होत नाही. विषय आपला, साहित्य आपण गोळा केलेलं, विश्लेषण आपलं आणि तोंडी परीक्षेत बचावही आपणच करायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात जो दोन वर्षांचा पदव्युत्तर आराखडा आला, त्यात या संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत. म्हणजे हे काम आता शेवटच्या दोन महिन्यांत उरकण्यासारखं राहिलेलं नाही.

तरीही लघुप्रबंध बहुतेक वेळा एखाद्या कलाकाराचं चरित्र आणि ‘योगदान’ यावरच जातात. त्यात आळशीपणा क्वचितच असतो. गाण्याबद्दल दुसऱ्याला तपासून पाहता येईल असं कसं लिहायचं, हे कुणी दाखवलेलं नसतं. ‘या गायकाचा गंधार अत्यंत भावपूर्ण आहे’ हे वाक्य खरं असू शकतं, पण परीक्षक त्याचं काय करणार? तो गंधार किती वेळ टिकतो, कुठून उचलला जातो, कुठे सोडला जातो, हे दाखवता आलं की वाद घालता येतो. ते दाखवण्यासाठी सॉनिक व्हिज्युअलायझर, म्हणजे ध्वनिमुद्रण स्क्रीनवर उघडून त्यावर खुणा आणि सुरांच्या रेघा काढता येणारं सॉफ्टवेअर, हे आज विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं सगळ्यात चांगलं साधन आहे. एक अट मात्र आहे: आधी कानाने खुणा करायच्या, मग यंत्र चालवायचं. क्रम उलटा झाला की स्क्रीनवरची रेघ कानावर स्वार होते आणि प्रकल्प बिघडतो.

हे सॉफ्टवेअर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या सेंटर फॉर डिजिटल म्युझिकमध्ये तयार झालं. ते मुक्त परवान्यावर आहे, पैसे लागत नाहीत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. फोनवर चालत नाही. मेनू इंग्रजीत आहेत. साधा लॅपटॉप पुरतो. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाची चुकते: नुसतं सॉफ्टवेअर उतरवून भागत नाही. विश्लेषणाची खरी हत्यारं म्हणजे ‘व्हॅम्प प्लगइन’ ही जोड-सॉफ्टवेअर्स, आणि त्यांचा संच वेगळा उतरवून बसवावा लागतो. तो बसवून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं की ‘ट्रान्सफॉर्म’ मेनू भरलेला दिसतो. त्यातलं ख्यालाच्या अभ्यासाला लागणारं मुख्य प्लगइन म्हणजे ‘पी-यिन’: ते क्षणाक्षणाला सुराची उंची मोजून तिची रेघ, म्हणजे स्वररेषा, काढतं. पाश्चात्त्य कॉर्ड ओळखणारी, की ओळखणारी प्लगइन्सही तिथेच असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. रागसंगीताबद्दल ती जे सांगतील त्याला अर्थ नाही.

रचना समजायला सोपी आहे. उभ्या रांगेत ‘पेन’ म्हणजे खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एकावर एक ‘लेयर’ म्हणजे थर. खाली आवाजाची लहर, तिच्यावर वेळेच्या खुणा, तिच्यावर स्वररेषा, तिच्यावर तुम्ही लिहिलेले बोल. कीबोर्डवरचे १ ते ६ आकडे हत्यार बदलतात: १ ने फिरायचं, २ ने निवडायचं, ३ ने खूण हलवायची, ४ ने नवी खूण घालायची, ५ ने पुसायची, ६ ने मोजायची. हे आकडे पहिल्याच दिवशी पाठ करा. माऊसने प्रत्येक वेळी टूलबारवर जाणारा माणूस आठवड्याभरात कंटाळतो.

आता साहित्याबद्दल, कारण इथेच निम्मे प्रकल्प फसतात. पी-यिन एकाच आवाजाचा माग काढण्यासाठी केलेलं आहे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तंबोरा, पेटी, तबला आणि गळा एकत्र असतात. अशा फाइलवर पी-यिन चालवलं की रेघ येतेच, आणि ती दिसायलाही छान असते. फक्त गायक श्वास घेतो तिथे ती तंबोऱ्याला चिकटते आणि पेटी मागून येते तिथे पेटीला. म्हणून प्रकल्पासाठी स्वतः ध्वनिमुद्रण करणं शक्य असेल तर गायकाच्या कानात हेडफोनवर तंबोरा द्या, ठेक्याची गरज असेल तर तोही हेडफोनवरच, आणि समोर एकच माइक साधारण एका वितीवर, तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित बाजूला. खुल्या हेडफोनमधून तंबोरा माइकमध्ये गळतो, तेव्हा कान झाकणारा बंद हेडफोन घ्या. सुरुवातीला किंवा शेवटी तोच तंबोरा अर्धा मिनिट एकटा, स्पीकरवरून, त्याच फाइलमध्ये मुद्रित करा. सा ठरवायला तो लागणार आहे.

फाइल वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एका मायक्रोफोनचा मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८ एमबी जागा घेतो, म्हणजे तासाला अर्धा जीबीही लागत नाही. जागा वाचवण्यासाठी एमपी३ करण्यात काही राम नाही. एमपी३च्या सुरुवातीला एन्कोडर थोडी रिकामी जागा घालतो, आणि वेगवेगळी सॉफ्टवेअर्स ती वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळतात. मग एका ठिकाणी मोजलेली सम दुसऱ्या ठिकाणी काही मिलिसेकंद सरकलेली दिसते. एका सेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकत्र साठवलेल्या कामात, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या फाइली मिसळू नका, त्यातूनही असाच घोळ होतो.

जुनं ध्वनिमुद्रणच अभ्यासायचं असेल तर पर्याय आहेत. मिश्र आवाजातून मुख्य सुरावट वेगळी काढण्यासाठी ‘मेलोडिया’ नावाचं प्लगइन आहे. ते बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून आलं आणि बिगरव्यावसायिक वापरासाठी फुकट आहे. तबला-तंबोऱ्यासकटच्या ख्यालावर ते पी-यिनपेक्षा बरंच बरं काम करतं. पेटी गळ्याला अगदी लागून चालली की मात्र त्याचाही गोंधळ होतो. आजकाल गळा वेगळा करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही वापरली जातात. ती मुख्यतः पाश्चात्त्य पॉपवर शिकवलेली असल्याने तंबोऱ्याचा झंकार गळ्याच्या ट्रॅकमध्ये राहतो आणि मींडेची शेपटं कधीकधी कापली जातात. वापरलीत तर पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहा आणि दोन-तीन ठिकाणी मूळ फाइलशी ताडून दाखवा. याच पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पातून ‘सरगा’ हा संग्रह तयार झालेला आहे. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक मुद्रणांसोबत षड्ज आणि समेच्या खुणा आधीच केलेल्या मिळतात. हात बसवण्यासाठी यासारखं दुसरं काही नाही: आपण खुणा करायच्या आणि तयार खुणांशी ताडून पाहायच्या.

७८ आरपीएमच्या तबकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बालगंधर्वांपासून कितीतरी मोठी नावं आपल्याला प्रामुख्याने तिथेच भेटतात आणि मराठी विद्यार्थ्यांना हा विषय मनापासून घ्यावासा वाटतो. तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. ती मुळात नेमक्या किती वेगाने कोरली आणि नंतर किती वेगाने वाजवून उतरवली, याची खात्री नसते. ८०च्या वेगाची तबकडी ७८वर वाजवली की सगळं गाणं जवळजवळ ४४ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे जवळपास अर्ध्या अर्धस्वराने उतरतं. म्हणून ‘अमुक गायक काळी एकमध्ये गात’ असा निष्कर्ष तबकडीवरून काढू नका. सा आणि ग यांच्यातलं अंतर मात्र सेंटमध्ये तेच राहतं, कारण वेग बदलला तरी सगळे स्वर एकाच पटीत सरकतात. मोजायचं ते हे अंतर. लयही वेगासोबत बदलते, तेव्हा दोन तबकड्यांची लय मात्रांच्या सेकंदांत ताडताना हीच काळजी घ्या. विजेच्या माइकच्या आधी कर्ण्यातून केलेल्या मुद्रणात तंबोरा बहुधा ऐकूच येत नाही. तिथे सा गायकाच्या ठेहरावावरून किंवा पेटीवरून ठरवावा लागतो, आणि तसं लिहावं लागतं.

आता सा. संपूर्ण प्रकल्पाचं गणित या एका आकड्यावर उभं आहे, म्हणून इथे घाई नको. पुरुषाचा सा काळी एक, म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ असेल आणि तुम्ही १ हर्ट्झने चुकलात, तर तुमचे सगळे स्वर साधारण १२ सेंटने सरकतात. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटवर असतो आणि पेटीचा ४०० वर. दोघांत फरक १४ सेंटचा. म्हणजे १ हर्ट्झच्या चुकीने तुमचा गायक तंबोऱ्याच्या गंधारावरून उचलून पेटीच्या गंधारावर बसवला जाऊ शकतो, आणि त्यावर तुम्ही पाच पानं लिहाल! बाईंचा सा काळी चार, म्हणजे २०७.६५ हर्ट्झ असेल तर हीच चूक ८ सेंटची होते. वर जाल तशी चूक सौम्य होते, पण सुटत नाही.

करायचं असं. एकट्या तंबोऱ्याचा तुकडा निवडा. ‘पीक फ्रीक्वेन्सी स्पेक्ट्रोग्राम’चा (आवाजातल्या कंपनसंख्या रेघांनी दाखवणारा) थर घाला आणि ‘विंडो’ म्हणजे खिडकीचा आकार वाढवा; ही खिडकी पेन नव्हे, एका वेळी मोजायला घेतलेल्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ची खिडकी घेतली तर एकेक कप्पा ४३ हर्ट्झचा असतो, त्यात सा शोधणं अशक्य. १६३८४ घेतली तर कप्पा २.७ हर्ट्झवर येतो, आणि या थरात कप्प्याच्या आतली नेमकी जागाही अंदाजली जाते. खर्जाच्या तारेचा मूळ नाद बऱ्याचदा क्षीण असतो, म्हणून खालच्या रेघेवर भिस्त ठेवू नका. जोडीच्या तारांची चौथी पट शोधा, म्हणजे काळी एकसाठी ५५४च्या आसपासची रेघ, ती वाचा आणि ४ ने भागा. वाचण्यातली चूकही चौपट कमी होते. तेच सहाव्या पटीवर करून पाहा. दोन्ही उत्तरं जुळली की आकडा लिहून टाका आणि पुन्हा बदलू नका. जुळली नाहीत तर दोन तारा आपसात नीट मिळालेल्या नसण्याची शक्यता मोठी. दुसरा तुकडा घ्या.

यानंतर लगेच पी-यिन चालवण्याचा मोह होतो. थांबा. आधी नुसती लहर समोर ठेवून आलाप ऐका आणि ‘आय’ अक्षर दाबून वेळेच्या खुणांचा नवा थर उघडा. वाजत असताना अर्धविरामाची कळ दाबली की तिथे खूण पडते. प्रत्येक वाक्यांश कुठे सुरू झाला, न्यास (वाक्यांशाच्या शेवटचा मुक्काम) कुठे झाला, हे खुणांनी भरा आणि प्रत्येक खुणेला नाव द्या. नावं देवनागरीत लिहिता येतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ हवी तर युनिकोडमधलं अनुदात्ताचं चिन्ह लावा, ग॒ असं. तीव्र मध्यमाला उभं चिन्ह, म॑ असं. तार सप्तकासाठी वर टिंब, सां; मंद्रासाठी खाली नुक्ता. हे एकदा ठरवून सगळ्या प्रकल्पात एकच ठेवा. सरावलेल्या हातालाही एका मिनिटाच्या आलापाला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे ‘तीन कलाकारांच्या बारा मैफली’ असा विषय घेऊ नका. तीन कलाकारांचे प्रत्येकी पाच मिनिटांचे आलाप हा एका विद्यार्थ्याला पुरून उरणारा ऐवज आहे.

आता ‘ट्रान्सफॉर्म’मधून पी-यिनचा ‘स्मूद्ड पिच ट्रॅक’ निवडा. याच प्लगइनमध्ये ‘नोट्स’ हाही पर्याय दिसेल. तो स्थिर, तुटक स्वरांच्या संगीतासाठी ठीक आहे, पण आपल्या मींडेचे तो तुकडे करतो आणि एका सलग उतरणीला तीन-चार ‘स्वर’ ठरवून टाकतो. तो घेऊन अजिबात निष्कर्ष काढू नका. आधी दोन-तीन मिनिटांचा भाग निवडून निवडीपुरतं चालवण्याच्या पर्यायावर खूण करा, म्हणजे पूर्ण तासाच्या फाइलवर वाट पाहत बसावं लागणार नाही. मूळ सेटिंगमध्ये पी-यिन २०४८ नमुन्यांची खिडकी आणि २५६ची पावलं घेतं, दर पावलाला एक मोजणी. म्हणजे सेकंदाला सुमारे १७२ आकडे. द्रुत तानेत सेकंदाला आठ-दहा स्वर पडतात, एका स्वराच्या वाट्याला १०० ते १२५ मिलिसेकंद येतात, आणि २०४८ची खिडकी ४६ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे तान नीट दिसते. ४०९६ केली तर खिडकी ९३ मिलिसेकंदांची होऊन शेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात. रेघ दाखवायचा प्रकार ‘डिस्क्रीट कर्व्हज’ ठेवा. स, श, क अशा अक्षरांवर नाद नसतो, तिथे रेघ तुटलीच पाहिजे. बाकीचे प्रकार ती जोडून टाकतात आणि नसलेली मींड दिसू लागते.

रेघ आली की तिची परीक्षा घ्यायची, आणि या सॉफ्टवेअरची सगळ्यात सुंदर सोय इथे आहे. प्रत्येक थराला स्वतःचं वाजवण्याचं बटण, आवाजाची पातळी आणि डावा-उजवा तोल आहे. स्वररेषेचा थरसुद्धा शुद्ध सुराच्या रूपात वाजतो. मूळ गाणं पूर्ण डावीकडे आणि रेघ पूर्ण उजवीकडे लावून हेडफोनवर ऐका. रेघ जिथे सप्तक उडी मारते, तंबोऱ्याला चिकटते, पेटीच्या मागे जाते, ते कानाला तत्काळ खटकतं. डोळ्याला तेच ठिकाण शोधायला तास लागला असता. चुकीचा भाग निवडायचा आणि डिलीट. प्लगइनच्या खिडकीत क्षीण आवाजातले अंदाज दाबण्याची एक मात्रा असते. ती थोडी वाढवली की श्वासांच्या जागी तंबोरा पकडणं बरंच कमी होतं, फार वाढवली तर न्यासाची विरत जाणारी शेवटं जातात. मात्रा कितीवर ठेवली ते लिहून ठेवा.

आकडे बाहेर काढताना थर सीएसव्हीमध्ये निर्यात करा: एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात हर्ट्झ. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक हर्ट्झला सा च्या आकड्याने भागा, भागाकाराचा २ पायाचा लॉगॅरिदम घ्या, १२०० ने गुणा, झाले सेंट. सा १३८.६ असताना १६४ हर्ट्झ म्हणजे २९१ सेंट, कोमल गंधाराच्या परिसरात. देवनागरी नावांचा थर निर्यात केला असेल तर ती फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडू नका, अक्षरांचा चुथडा दिसतो. डेटाच्या मेनूतून आयात करून यूटीएफ-८ निवडा.

या आकड्यांतून काय मिळतं ते भूप आणि देशकाराच्या उदाहरणावरून कळेल. दोन्हींचे स्वर तेच: सा रे ग प ध. भूप पूर्वांगाचा, गंधार वादी. देशकार उत्तरांगाचा, धैवत वादी. हे प्रत्येक क्रमिक पुस्तकात आहे. पण प्रत्यक्ष आलापात धैवतावर किती टक्के वेळ जातो, देशकारात ऋषभ किती दुर्बळ होतो, त्यावर मुळात थांबलं जातं का, हे मोजता येतं. सगळे सेंट एका सप्तकात आणा (ऋण असतील तर १२०० मिळवा, १२००च्या वर गेले तर वजा करा), दहा-दहा सेंटचे कप्पे करा आणि कप्प्यात किती आकडे पडले ते मोजा. सप्तकाची चुकलेली उडी या आलेखात आपोआप निरुपद्रवी होते, कारण १२०० सेंट इकडेतिकडे झालं तरी कप्पा तोच. तंबोऱ्याची चूक मात्र इथेच सगळ्यात घातक: सा आणि प चे खांब फुगतात आणि ग-ध ची टक्केवारी खोटी ठरते. म्हणून ती हेडफोनची परीक्षा टाळू नका.

आणि एक मोठा धोका. दरबारीचा आंदोलित गंधार घ्या. त्याचा आलेख काढला की टोकदार शिखर येत नाही, पसरट उंचवटा येतो. अनेकजण त्याची सरासरी काढून ‘दरबारीचा गंधार अमुक सेंटवर आहे’ असं लिहितात. तिथे कुणी थांबलेलंच नसतं! आंदोलन हाच तो स्वर आहे. सरासरी सोडा; एका हेलकाव्याची वरची आणि खालची मर्यादा, एका हेलकाव्याला लागणारा वेळ, ऋषभाकडून येताना आणि मध्यमाकडून उतरताना त्यात पडणारा फरक मोजा. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये मोजण्याचं हत्यार (६) घेऊन हे थेट रेघेवर करता येतं.

तालाच्या बाबतीत सॉफ्टवेअरवर सरळ टीका करावी लागते. ठोके आपोआप शोधणारी प्लगइन्स विलंबित एकतालात निकामी आहेत. मात्रा चार-पाच सेकंदांची, आवर्तन पाऊण मिनिटापासून मिनिटापर्यंतचं. ही प्लगइन्स नाचाच्या संगीतातल्या ठोक्यासारखं काहीतरी शोधत राहतात आणि तिरकिटलाच लय समजतात. हाताने टॅप करणं हाच मार्ग. एडिट मेनूत नव्या खुणांना चक्राकार क्रमांक देण्याची सोय आहे. एकतालाला १२, तीनतालाला १६ असा चक्राचा आकार निवडला की प्रत्येक समेला पुन्हा १ येतो. तुमच्या तालाचा आकडा त्या यादीत नसेल तर फक्त समा टॅप करा आणि मात्रा नंतर नावांनी भरा. टॅप नेहमी थोडा मागे पडतो, तेव्हा लहर मोठी करून खूण ‘धिं’च्या आघाताच्या सुरुवातीवर सरकवा. सम तबल्यावरून मोजायची, गळ्यावरून नाही. गायक समेच्या किंचित आधी किंवा नंतर येतो, आणि तो फरकच अनेकदा अभ्यासाचा विषय असतो.

आकृत्यांसाठी पीएनजी आणि एसव्हीजी दोन्ही निर्यात होतात. छपाईला एसव्हीजी घ्या. सॉफ्टवेअरचे मूळ रंग काळ्या-पांढऱ्या छपाईत चिखल होतात, म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच गडद रेघ ठेवा. स्वरांच्या आडव्या रेघा हव्या असतील तर सेंटचा आलेख स्प्रेडशीटमध्येच काढणं सोपं. सॉफ्टवेअरमध्ये त्या नीटशा जमत नाहीत, आणि ही उणीव भारतीय संगीताच्या अभ्यासकाला पदोपदी जाणवते. अशा आकृत्या किती बोलक्या असू शकतात हे पाहायचं तर मुंबईचं एनसीपीए हे कलाकेंद्र आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या ऑट्रिम प्रकल्पातले सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांचे आलेख पाहा. स्वररेषा, स्वरांच्या पातळ्या आणि बोल तिथे एकत्र वाचता येतात.

पर्यायांबद्दल थोडक्यात. ‘टोनी’ हे याच संस्थेचं दुसरं फुकट साधन आहे. एकट्या गळ्याचं मुद्रण असेल आणि फक्त स्वररेषा दुरुस्त करायची असेल तर ते अधिक सुटसुटीत, पण त्यात इतके थर नाहीत. ‘प्राट’ भाषाशास्त्रज्ञांचं आहे. स्वररेषा उत्तम देतं, मात्र स्वरपट्टीच्या मर्यादा स्वतः घालाव्या लागतात, आणि वरची मर्यादा बोलण्याच्या हिशेबाने ठेवली तर तार सप्तकात गेलेला गळा चक्क एक सप्तक खाली दिसतो. ऑडॅसिटी कापाकापीसाठी ठेवा, विश्लेषणासाठी नाही. नृत्य, लावणी, नाटक किंवा कीर्तन हा विषय असेल तर मात्र सॉनिक व्हिज्युअलायझर तुमच्या कामाचं नाही, कारण त्यात व्हिडिओ दिसतच नाही. तिथे नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं ‘एलान’ घ्या: तेही फुकट, व्हिडिओखाली एकाखाली एक पट्ट्या, एकीत पदन्यास, दुसरीत हस्त, तिसरीत बोल. तिथेही पट्ट्यांची नावं आधी ठरवा, नंतर बदलणं जिकिरीचं होतं.

सादर करताना एक तांत्रिक गोष्ट हमखास अडवते. या सॉफ्टवेअरच्या सेशन फाइलमध्ये आवाज नसतो, फक्त आवाजाच्या फाइलचा पत्ता असतो. परीक्षकाला नुसती सेशन फाइल पाठवली तर त्याच्या संगणकावर आवाजाची फाइल सापडतच नाही. म्हणून आवाज आणि सेशन एकाच फोल्डरमध्ये, मूळ नावांसह, एकत्र द्या. खुणांचे आणि स्वररेषेचे सीएसव्ही वेगळे द्या, म्हणजे सॉफ्टवेअर नसलेल्यालाही ते वाचता येतील. एका साध्या मजकूर फाइलमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती, प्लगइनची आवृत्ती, खिडकी, पाऊल, दाबण्याची मात्रा, सा चा आकडा आणि तो कोणत्या सेकंदांवरून काढला हे लिहा. खासगी मैफलीचं किंवा गुरूंच्या तालमीचं मुद्रण वापरलं असेल तर त्यांची लेखी परवानगी त्याच फोल्डरमध्ये असू द्या, आणि ते मुद्रण फक्त परीक्षेपुरतं की ग्रंथालयातही ठेवायचं, हे त्या कागदावरच विचारून घ्या.